वाचकांचे प्रश्न : समावेशक बालवाडीत एआयचा उपयोग

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत: विशेष गरजा असलेली लहान मुलं, त्यांना सामावून घेऊ पाहणारे वर्ग आणि हल्ली सगळीकडून सुचवली जाणारी एआयची साधनं. उत्तरं देताना आम्ही एक कसोटी धरली आहे. साधन आल्यानंतर ते मूल माणसांमध्ये जास्त वेळ असतं की कमी? वेळ वाढत असेल तर साधन जरूर ठेवावं. कमी होत असेल तर ते कितीही हुशार असो, बाजूला सारावं.

प्रश्न : माझ्या वर्गात चार वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. फारसं बोलत नाही. एक काम संपवून दुसरं सुरू करायची वेळ आली की जमिनीवर आडवा होतो. चित्रांचं वेळापत्रक आणि छोट्या गोष्टी वापरून बघा, असं सुचवण्यात आलं. मी एआयकडून चित्रं काढून घेतली, सुंदर दिसतात. पण त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. — एक बालवाडी शिक्षिका

उत्तर : अडचण बहुधा त्या सुंदर चित्रांतच आहे. एआयने काढलेल्या चित्रात पाठीमागे खिडकी, झाडं, फुगे असं बरंच काही भरलेलं असतं. आपल्याला त्यातली मुख्य वस्तू लगेच कळते, पण या मुलाची नजर कोपऱ्यातल्या फुग्यावर जाऊन तिथेच थांबू शकते. शिवाय सोमवारी काढलेलं मूल आणि मंगळवारी काढलेलं मूल वेगळं दिसतं, ठोकळ्यांची टोपली दर वेळी बदलते. वेळापत्रकाचा सगळा आधार ‘तेच चित्र म्हणजे तीच गोष्ट’ या खात्रीवर असतो.

म्हणून चित्रं एआयकडून घेऊ नका, तुमच्याच वर्गातल्या वस्तूंचे फोटो काढा. वस्तूमागे एकरंगी कापड धरा, दिवसाच्या उजेडात काढा, एका फोटोत एकच वस्तू ठेवा आणि तिने चौकटीचा बराचसा भाग व्यापू द्या. सात-आठ सेंटिमीटरच्या चौकोनी कार्डांवर छापा. लॅमिनेशन करायचं असेल तर चकचकीत कागद टाळा. त्यावर दिव्याची तिरीप पडली की मुलाला चित्राऐवजी प्रकाशच दिसतो. वेल्क्रोची खरखरीत बाजू सगळ्या कार्डांना आणि मऊ बाजू पट्टीला लावा. ही जोडी एकदा ठरली की बदलू नका, नाहीतर निम्मी कार्डं पट्टीला चिकटतच नाहीत.

सुरुवात दोनच कार्डांनी करा: आधी हे, नंतर ते. ‘नंतर’च्या जागी त्याला मनापासून आवडणारी गोष्ट हवी. तो हे सहज करू लागला की तीन, मग चार. दिवसभराची दहा कार्डं पहिल्याच दिवशी लावली तर त्याच्या दृष्टीने ती भिंतीवरची नक्षी होते. काम संपायच्या दोनेक मिनिटं आधी पुढचं कार्ड दाखवा, वेळ झाली की ते त्याच्या हातात द्या आणि त्या जागेपर्यंत त्यालाच घेऊन जाऊ द्या. संपलेल्या कामाचं कार्ड त्याने स्वतः ‘झालं’ लिहिलेल्या खिशात टाकायचं. तोंडी सूचना त्या वेळी अगदी कमी ठेवा. चित्र, हात आणि तुमचा आवाज हे सगळं एकदम आलं की त्याच्यासाठी गोंधळ वाढतो. ‘बदल’ असं एक वेगळ्या रंगाचं कार्ड करून ठेवा आणि ते पहिल्यांदा आनंदाच्या बदलासाठी वापरा. पाऊस आला म्हणून मैदान रद्द, अशा प्रसंगी हे कार्ड प्रथमच पुढे आलं तर त्या कार्डाचीच त्याला धास्ती बसेल.

दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे मूल आडवं झाल्यावरच कार्ड काढायचं. दुसरी म्हणजे दोन आठवडे बरे गेले की वेळापत्रक काढून टाकायचं. ज्याच्या आधाराने तो सावरला ते आपण काढून घेतो आणि तो पुन्हा आडवा झाला की ‘उपयोग झाला नाही’ म्हणतो. आमचं आग्रहाचं सांगणं असं की हेच वेळापत्रक मोठ्या आकारात सगळ्या वर्गासाठी लावा. चार वर्षांच्या कुठल्याही मुलाला पुढे काय आहे हे माहीत असलेलं आवडतं, आणि मग या मुलाचं कार्ड ही त्याची वेगळी खूण राहत नाही.

एआयचा खरा उपयोग गोष्टीचा कच्चा मजकूर लिहिण्यासाठी होतो. कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या ‘सोशल स्टोरी’ या पद्धतीत, म्हणजे एखादा प्रसंग मुलाला आधीच समजावून देणाऱ्या छोट्या गोष्टीत, वर्णनाची वाक्यं सूचनेच्या वाक्यांच्या निदान दुप्पट असावी लागतात. एआयला नुसतं ‘घंटेबद्दल गोष्ट लिही’ म्हटलं की ते उलटं करतं. साधारण असं काहीतरी हाती येतं: ‘घंटा वाजली की मी नेहमी शांतपणे रांगेत उभा राहतो. मी रडत नाही. मग बाई माझ्यावर खूश होतात.’ या तीन वाक्यांत तीन दोष आहेत. ‘नेहमी’ हा शब्द शब्दशः घेणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी खोटा ठरवतो. रडू नये असं सांगितलं, पण रडू आलं तर काय करावं ते सांगितलं नाही. आणि बाईंची खुशी त्याच्या शांत राहण्यावर टांगून ठेवली.

मागणी अशी करा: ‘चार वर्षांच्या मुलासाठी, मी या रूपात, सहा वाक्यं. प्रत्येक वाक्यात जास्तीत जास्त पाच-सहा शब्द. काय दिसेल, काय ऐकू येईल, कोण असेल, पुढे काय होईल ते सांग. उपदेश नको. नेहमी, कधीच असे शब्द नकोत. त्रास झाला तर करता येईल अशी एकच गोष्ट सांग.’ मुलाचं नाव, शाळेचं नाव टाकू नका. जे येईल त्यातून हाताने निवडून साधारण असं उरायला हवं: ‘घंटा वाजते. तिचा आवाज मोठा असतो. मी कानांवर हात ठेवू शकतो. थोड्या वेळाने आवाज थांबतो. मग आम्ही बाहेर जातो. बाई दाराजवळ असतात.’ ही गोष्ट घंटा वाजत असताना वाचायची नाही, मूल निवांत असताना वाचायची, रोज एकदा.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला सगळं समजतं, पण शब्द येत नाहीत आणि हात थोडे थरथरतात. स्पीच थेरपिस्टनी टॅबलेटवरचं बोलणारं अ‍ॅप सुचवलं आहे. सासूबाई म्हणतात, यंत्र बोलायला लागलं की पोर कशाला तोंड उघडेल. शिवाय स्क्रीनची भीती वाटते. अ‍ॅपमध्ये एआय आहे, वाक्य स्वतः पूर्ण करून देतं. ते चांगलं का? — एक आई

उत्तर : सासूबाईंची काळजी स्वाभाविक आहे आणि ती संशोधकांनाही पडली होती. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. भरवशाच्या अभ्यासांतल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनामुळे कमी झालेलं नव्हतं. ११ टक्क्यांमध्ये बदल दिसला नाही, ८९ टक्क्यांमध्ये बोलणं वाढलं. वाढ बऱ्याच जणांत थोडीच होती, हेही सांगायला हवं. म्हणजे यंत्र तोंड बंद करत नाही. ते बोलकं करेलच असा शब्दही कुणी देऊ शकत नाही. पण तोपर्यंत मुलीला ‘नको’ म्हणता येईल, ‘थांब’ म्हणता येईल. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी एवढं कारण पुरेसं आहे.

स्क्रीनबाबत: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एका जागी बसून स्क्रीन पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि कमी असेल तर उत्तम, अशी सांगितली. ती करमणुकीच्या स्क्रीनसाठी आहे. बोलण्याचं साधन हा तिचा आवाज आहे, तो तासावर मोजायचा नसतो आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचा नसतो. मात्र त्याच टॅबलेटवर गाणी आणि खेळ असतील तर ती बोलायला का जाईल? वेगळा टॅबलेट शक्य नसेल तर एकच अ‍ॅप उघडं राहील अशी कुलपाची सोय वापरा. आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’, अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’.

आता एआय. सुरुवातीला अंदाज लावण्याची आणि वाक्य पूर्ण करण्याची सोय बंद ठेवा. कारणं दोन. अंदाज लावणारं अ‍ॅप बटणांची जागा किंवा क्रम बदलत राहतं. मूल मात्र शब्द वाचत नसतं, त्याच्या हाताला जागा पाठ होत असते, ‘अजून’ वर डावीकडे, ‘झालं’ खाली उजवीकडे. जागा हलली की पाठ झालेलं पुसलं जातं. दुसरं कारण आम्हाला अधिक महत्त्वाचं वाटतं. तिने ‘आई’ आणि ‘जा’ ही बटणं दाबली आणि यंत्र म्हणालं, ‘आई, आपण बाहेर जाऊया का?’ तिला म्हणायचं असेल ‘आई, तू जा’. यंत्राचं वाक्य व्याकरणात चोख आहे, पण ते तिचं नाही, आणि तिला ते दुरुस्तही करता येत नाही. दोन शब्दांचं अडखळतं बोलणं तसंच राहू द्या. अर्थ विचारून घ्यायचं काम माणसाचं.

शब्द निवडताना नावांचा भडिमार टाळा. हवं, नको, अजून, थांब, दे, जा, बघ, मदत, झालं, मी, तू, काय, दुखतंय. असे सगळीकडे चालणारे दहा-बारा शब्द आधी. बटणांची जाळी मात्र पुढे लागेल तेवढी, समजा ४० खणांची, पहिल्यापासूनच ठेवा आणि बाकीचे खण लपवा. नऊ मोठ्या खणांवरून चाळीस लहान खणांवर नंतर गेलात तर सगळं नव्याने शिकावं लागतं. पाण्यात खेळणं, बाहुलीला निजवणं अशा एखाद्या प्रसंगाचं पान करायचं असेल तर शब्दांची यादी एआयला विचारायला हरकत नाही. फक्त ते एकामागून एक नामंच देतं: बाहुली, उशी, चादर. म्हणून स्पष्ट सांगा की मागण्यासाठी, नाकारण्यासाठी, तक्रारीसाठी, विचारण्यासाठी आणि गंमत करण्यासाठी प्रत्येकी दोन-तीन शब्द दे.

हात थरथरतात म्हणून तीन गोष्टी करून बघा. खणांभोवती भोकं असलेलं प्लास्टिकचं आवरण बसवा, म्हणजे बोट शेजारी घसरत नाही. बटण किती वेळ दाबून धरल्यावर बोलेल ती वेळ सेटिंगमध्ये थोडी वाढवा, ०.३ सेकंदापासून सुरू करून बघा, फार वाढवली तर ती कंटाळून सोडून देईल. टॅबलेट आडवा न ठेवता तिरका आणि घट्ट टेकवा, आणि बसताना तिच्या कोपरांना आधार हवा. व्यवसायोपचारतज्ज्ञांनी (ऑक्युपेशनल थेरपिस्टनी) एकदा बसण्याची पद्धत पाहिलेली बरी.

आवाज आधी कान देऊन तपासा. मराठीतल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, आणि ‘चमचा’ व ‘चार’ यांतला फरक यंत्राच्या आवाजात हमखास गडबडतो. चुकणारे शब्द तिच्या वयाच्या मुलीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घाला.

आणि सर्वांत मोठं काम तुमचं आहे. तुम्ही बोलताना तुम्हीच बटणं दाबायची, वाक्यातला एखादा-दुसरा शब्द, दिवसभर जमेल तसं. ‘दाबून दाखव’ असं तिला म्हणायचं नाही. प्रश्न विचारलात तर मनात दहापर्यंत मोजा, मग पुढे बोला. बोलणारं मूलही पहिला शब्द काढायच्या आधी वर्षभर ऐकत असतं. हिला बटणांची भाषा तेवढा काळ बघायला मिळाली पाहिजे. त्याच पानाची कागदी प्रत दप्तरात, बाथरूमच्या दाराशी, झोपायच्या जागी ठेवा. बॅटरी संपते तेव्हाच मुलाला नेमकं काही सांगायचं असतं.

प्रश्न : मुलगा २६ महिन्यांचा आहे, नावाने हाक मारली तर वळत नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला की ऑटिझम आहे का ते ९० टक्के अचूक सांगणारं अ‍ॅप मिळालं. विश्वास ठेवावा का? — एक वडील

उत्तर : निदान म्हणून नाही. ‘९० टक्के’ या आकड्याचा हिशेब करून बघा. समजा १००० मुलं आहेत आणि त्यांतली २० स्वमग्न आहेत. अ‍ॅप स्वमग्न मुलांत ९० टक्के बरोबर, म्हणजे १८ सापडली, २ सुटली. उरलेल्या ९८० मध्येही ते ९० टक्के बरोबर असेल, तरी ९८ मुलांवर चुकीचा शिक्का बसला. अ‍ॅपने ‘आहे’ म्हटलेल्या ११६ मुलांपैकी १८ खरी, म्हणजे सहा-सात घरांतून एक. आणि ज्या दोन घरांना ‘नाही’ सांगितलं ती निश्चिंत होऊन थांबतील, ते अधिक वाईट.

काळजीपूर्वक बनवलेली साधनं कशी वागतात तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय साधनांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने जून २०२१ मध्ये कॉग्नोआ कंपनीच्या एआय साधनाला परवानगी दिली. ते १८ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पालकांची प्रश्नावली, तज्ज्ञांनी पाहिलेले व्हिडिओ आणि डॉक्टरांची माहिती अशा तीन गोष्टी घेतं, आणि डॉक्टरांनी निदानाला जोड म्हणून वापरायचं आहे. ४२५ मुलांच्या चाचणीत त्याने ३२ टक्के मुलांबाबतच ठाम उत्तर दिलं. बाकीच्यांबाबत सांगता येत नाही असं म्हटलं. खात्री नसेल तिथे गप्प राहणं हा या साधनाचा गुण आहे. दोन मिनिटांत प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या अ‍ॅपकडे तो नाही.

तुम्ही आता काय करावं? सर्वांत आधी श्रवणतज्ज्ञांकडून कानांची तपासणी. दार वाजलं की वळतो म्हणून ऐकू येतं असं धरू नका; आवाजाच्या काही पट्ट्यांतलंच ऐकू येत असेल तर दार ऐकू येईल आणि नाव येणार नाही. सोबत ऑटिझमची शक्यता चाळून पाहणारी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची प्रश्नावली भरा. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, म्हणजे तुमच्याकडे चार महिने आहेत. गुण ३ ते ७ आले तर पुढचे सविस्तर प्रश्न विचारून घ्यावे लागतात. ८ किंवा जास्त आले तर थेट तपासणीला जायचं. तीही चाळणीच आहे, निदान नव्हे. व्हिडिओ जरूर काढा, पण डॉक्टरांना दाखवायला: जेवताना, एकटा खेळताना, दुसऱ्या मुलाजवळ असताना, मागून हाक मारताना, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. दवाखान्यात मूल वेगळं वागतं, त्यामुळे ही दृश्यं मोलाची ठरतात. निदान व्हायला महिने गेले तरी समोर बसून खेळणं, त्याच्या आवाजाला आवाज देणं, तो बघतो त्याच गोष्टीचं नाव घेणं आजच सुरू करता येतं. त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेला मुलांच्या चेहऱ्यावरून लक्ष आणि भावना ओळखणारी कॅमेरा यंत्रणा देऊ केली आहे. विशेष गरजांच्या मुलांना फायदा होईल असं विक्रेते म्हणतात. — एका संस्थेचे व्यवस्थापक

उत्तर : घेऊ नका. याबाबत आमच्या मनात किंतु नाही.

चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना भरवशाने सांगता येते, हे गृहीतकच कच्चं आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष हाच होता. विशेष गरजांच्या मुलांबाबत ते आणखी कच्चं होतं. अनेक स्वमग्न मुलं ऐकायचं असेल तेव्हा नजर वळवतात, कारण चेहरा पाहणं आणि शब्द ऐकणं एकदम झेपत नाही. यंत्र त्या क्षणी ‘लक्ष नाही’ अशी नोंद करेल. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाच्या चेहऱ्याचे स्नायू आनंदातही आक्रसतात. हात हलवणारं मूल अनेकदा स्वतःला सावरत असतं. ज्या मुलांसाठी यंत्रणा घ्यायची म्हणता, त्यांच्याबाबतच ती सर्वाधिक चुकेल आणि त्या चुका त्यांच्या नोंदीत साचत जातील. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली आहेत.

त्याच पैशात वर्गात एक मदतनीस जास्त वेळ ठेवा आणि त्यांच्या हातात चार रकान्यांचा कागद द्या: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. रोज एकाच मुलाची, पंधरा मिनिटं दोनदा. ‘चिडला’ लिहायचं नाही. ‘कान झाकले, टेबलाखाली गेला’ असं लिहायचं. दोन आठवड्यांत आकृती दिसू लागते. हे रकाने नाव काढून एआयला देऊन ‘मी आणखी काय निरखावं’ असं विचारता येईल. मोजणी मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका. भाषेची ही साधनं आकडे मोजताना चुकतात आणि तरीही ठामपणे उत्तर देतात. बेरीज तक्त्यात करा.

प्रश्न : वैयक्तिक शिक्षण आराखडे लिहिण्यात माझे तासन्‌तास जातात. एआयकडून लिहून घेतले तर चालतील का? — विशेष शिक्षिका

उत्तर : मसुदा घ्या, पण आधी माहिती चाळा आणि नंतर ध्येयं तपासा.

नाव, जन्मतारीख, फोटो, शाळा, निदानाचा अहवाल यांतलं काहीही टाकू नका. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नसतं: दुर्मिळ आजार, भावंडांचा तपशील आणि गावाचं नाव एकत्र आलं तर मूल कुणालाही ओळखता येतं. ‘मूल क’, वय साडेचार, आणि आज काय जमतं याची पाच-सहा वाक्यं, एवढं पुरतं.

येणारी ध्येयं बहुतेक ‘संवाद कौशल्यात सुधारणा होईल’ अशा थाटाची असतात. ती मोजता येत नाहीत. ध्येयात प्रसंग, कृती आणि निकष तिन्ही हवेत: ‘खेळाच्या वेळी समोर दोन वस्तू धरल्यावर, नजर, बोट किंवा कार्ड यांपैकी कोणत्याही मार्गाने, १० सेकंदांत एक निवडेल, ५ पैकी ४ वेळा, सलग तीन दिवस.’ ‘कोणत्याही मार्गाने’ हे शब्द एआय सहसा घालत नाही, ते तुम्ही घाला. नाहीतर ध्येय ‘बोलून सांगेल’ असं होतं आणि ते मूल वर्षभर नापास होत राहतं.

‘डोळ्यांत डोळे घालून बोलेल’, ‘हात शांत ठेवेल’, ‘२० मिनिटं जागेवर बसेल’ ही ध्येयंही हटकून येतात, कारण जुन्या साहित्यात ती भरपूर आहेत आणि एआय त्यातूनच शिकलं आहे. ती खोडा. त्यांनी मूल इतरांसारखं दिसायला शिकतं, त्याच्या हाती काही लागत नाही. दर ध्येयाला विचारा: हे जमलं तर मुलाला काय करता येईल? उत्तर फक्त मोठ्यांच्या सोयीचं असेल तर ध्येय बदला. आराखड्यात किमान एक ध्येय दुसऱ्या मुलासोबतच्या खेळाचं असू द्या. वाचलेला वेळ पालकांशी बोलण्यात घाला. त्यांना मसुदा वाचायला देऊन सही घेणं म्हणजे बोलणं नव्हे.

प्रश्न : मुलांचं बोलणं ऐकून उच्चार तपासणारं अ‍ॅप वापरतो. मोठ्यांचं नीट ओळखतं, चार-पाच वर्षांच्या मुलांना मात्र सतत चूक म्हणतं. — शिक्षक

उत्तर : अशा अ‍ॅपमागची एआय प्रारूपं मुख्यतः मोठ्यांच्या आवाजावर शिकवून तयार केलेली असतात. लहान मुलाची स्वरनलिका आखूड, आवाजाची पट्टी उंच, वेग अनियमित आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू करण्याची सवय असते. चार वर्षांच्या मुलाचा ‘र’ आणि जोडाक्षरं पक्की नसणं वयाला धरूनच आहे. स्नायूंच्या दोषामुळे बोलणं अस्पष्ट असलेल्या मुलांबाबत चुका आणखी वाढतात.

मायक्रोफोन तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, तोंडाच्या जरा बाजूला ठेवा म्हणजे श्वासाचा फुत्कार येत नाही. पंखा बंद ठेवा, एका वेळी एकच मूल. तरी गुणांची पाटी आणि ‘चूक’चा आवाज बंदच ठेवा. बरोबर बोललेलं मूल यंत्राने तीनदा चूक ठरवलं की चौथ्यांदा बोलत नाही. ध्वनिमुद्रण थेरपिस्टना ऐकवायला वापरा, निकाल म्हणून नको.

प्रश्न : वर्गात पाच वर्षांची कर्णबधिर मुलगी आहे, श्रवणयंत्र वापरते. बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारी सोय आणि खुणा करणारी संगणकीय बाहुली, दोन्ही लावलं तर पुरेल का? — मुख्याध्यापिका

उत्तर : तिला अजून वाचता येत नाही, म्हणून पडद्यावरची अक्षरं तिच्या कामाची नाहीत. ती सोय पालकसभेत कर्णबधिर पालकांसाठी लावा, तिथे ती खरोखर उपयोगी आहे. बोलणाऱ्याने माइक हातात धरून, एका वेळी एकानेच बोलायचं एवढं पाळा.

खुणांच्या बाहुलीबाबत सावध राहा. सांकेतिक भाषेत प्रश्न, नकार, मोठं-लहान हे भुवया, ओठ आणि खांद्यांच्या हालचालींतूनही सांगितलं जातं आणि बाहुल्या तिथेच कमी पडतात. जागतिक कर्णबधिर महासंघ आणि सांकेतिक भाषा दुभाषांच्या जागतिक संघटनेने २०१८ मध्ये संयुक्त निवेदनात सांगितलं की अशा बाहुल्या आधी चित्रमुद्रित करता येईल अशा ठरावीक माहितीपुरत्या चालतील, चालत्या संवादात माणसाची जागा घेऊ शकत नाहीत. ज्या वयात पहिली भाषाच घडत असते, तिथे सदोष नमुना देणं तर फारच महागात पडतं. सांकेतिक भाषा सहज वापरणारी व्यक्ती, शक्यतो स्वतः कर्णबधिर असलेली, आठवड्यातून काही तास तरी वर्गात असावी आणि सगळ्या मुलांनी ‘ये’, ‘माझी पाळी’, ‘थांब’, ‘खेळूया’ एवढ्या खुणा शिकाव्यात.

श्रवणयंत्र आहे म्हणजे ऐकू येतं असं वर्गात नसतं. अंतर आणि प्रतिध्वनी त्याचा फायदा खाऊन टाकतात. शिक्षिकेच्या गळ्यातला दूरस्थ मायक्रोफोन तिच्या यंत्राला जोडता येतो का ते श्रवणतज्ज्ञांना विचारा. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, जमिनीवर सतरंजी, भिंतीवर जाड कापड लावा. तिला उजेडाकडे पाठ करून बसवा, म्हणजे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडेल. रोज सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी यंत्राची बॅटरी तपासा, आणि मग तिच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज काढा. ऐकू आला की तिने एक ठोकळा डब्यात टाकायचा. एखाद्या आवाजाला ठोकळा पडला नाही तर त्याच दिवशी पालकांना आणि श्रवणतज्ज्ञांना कळवा.